बफेलोची दोन जुनी स्टेशनं आणि मेट्रो रेलची एक लाइन: वळवायची तर कुठे?

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात दोन जुनी रेल्वे स्टेशनं उभी आहेत. एकाच्या छपराखाली मेट्रो रेलचे, म्हणजे शहरातल्या ट्रामचे, डबे रोज ये-जा करतात, पण तिथे आगगाडी १९६२ नंतर आलेली नाही. दुसऱ्याच्या अगदी पाठीमागून न्यूयॉर्क आणि शिकागोच्या गाड्या आजही जातात, पण थांबत नाहीत, आणि मेट्रो रेल तिथून चार किलोमीटर अलीकडेच संपते. पहिलं नदीकाठचं डीएल अँड डब्ल्यू टर्मिनल, दुसरं पूर्वेच्या वस्तीतलं सेंट्रल टर्मिनल. एकाकडे ट्राम आहे पण गाडी नाही, दुसऱ्याकडे गाडी आहे पण ट्राम नाही.

मेट्रो रेल वाढवायचा विषय निघाला की तीन मतं हमखास ऐकू येतात. लाइन सेंट्रल टर्मिनलकडे वळवा, म्हणजे ते पडकं वैभव परत उभं राहील, हे पहिलं. लाइन आधीच डीएल अँड डब्ल्यूपर्यंत जाते, तर त्याच जागेचं भलं करा, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे जुन्या इमारतींचा नाद सोडा, लाइन उत्तरेला अ‍ॅमहर्स्ट उपनगराकडे, बफेलो विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसपर्यंत न्या. या विद्यापीठात आपली मराठी मुलं बरीच आहेत, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरच्या जेवणावळीतही येतो. लोकांची मतं मागवली जातात तेव्हा काय लिहायचं, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी लाइन कशी आहे ते

मेट्रो रेल म्हणजे ६.४ मैलांची, सव्वादहा किलोमीटरची एकच लाइन. १९८४ मध्ये डाउनटाउनमधला भाग सुरू झाला, १९८६ मध्ये ती विद्यापीठाच्या साउथ कॅम्पसपर्यंत पोचली. बहुतेक शहरांत शहराच्या मध्यात बोगदा असतो आणि बाहेर गेलं की गाडी जमिनीवर येते. इथे नेमकं उलट आहे. डाउनटाउनमध्ये मेन स्ट्रीटवर ती रस्त्यातून चालते, तिकीटही लागत नाही, आणि पुढे उत्तरेला बोगद्यात शिरते. सत्तरच्या दशकात आखलेलं जाळं बरंच मोठं होतं. पैसा कमी पडत गेला, शाखा एकेक करून गळाल्या आणि मधला देठ तेवढा राहिला.

हे सांगायचं कारण असं, की या लाइनीला आजवर शाखा नाही. शाखा काढली की गाड्या वाटल्या जातात. मेन स्ट्रीटवर दर बारा मिनिटांनी गाडी आहे असं धरा. दक्षिणेच्या टोकाला ती दोन दिशांना फुटली तर प्रत्येक फाट्यावर चोवीस मिनिटांनी एक गाडी येईल. चोवीस मिनिटं बफेलोच्या जानेवारीत, तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्यात. नकाशावर रेघ ओढताना हा हिशेब दिसत नाही, थांब्यावर उभं राहिलं की कळतो.

डीएल अँड डब्ल्यू: ट्राम आहे, गाडी नाही

डेलावेअर, लॅकवाना अँड वेस्टर्न या कंपनीने १९१७ मध्ये बफेलो नदीच्या काठावर हे टर्मिनल बांधलं. केनेथ मर्चिसन वास्तुकार. पुढची देखणी इमारत १९७९ मध्ये पाडली. मागे उरली ती दुमजली ट्रेनशेड, म्हणजे फलाटांवरचं छत असलेली इमारत. मेट्रो रेल आली तेव्हा तिच्या तळमजल्यावर डब्यांचं यार्ड आणि दुरुस्तीचं काम सुरू झालं, ते आजतागायत तिथेच आहे. प्रवाशांसाठी तिथे थांबा करायचा आणि वरचा, नदीकडे उघडा असलेला मजला लोकांसाठी खुला करायचा, हे काम वाहतूक प्राधिकरणाने हाती घेतलं.

या पर्यायाचं बळ उघड आहे. रूळ आहेत, तारा आहेत, सांधे आहेत, मालकी सार्वजनिक आहे. कॅनॉलसाइड हा नदीकाठचा फिरायचा भाग पायी काही मिनिटांवर, हॉकीचं स्टेडियम शेजारी. नवीन मार्गासाठी जमीन घ्यायला नको, मालगाडीच्या कंपनीशी वाटाघाटी नकोत. कमी पैशांत, कमी वर्षांत होणारं काम हवं असेल तर याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

मात्र ते स्टेशन म्हणून परत उभं राहील, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. वरच्या मजल्यावर येणारे रूळ केव्हाच गेले. शहराबाहेर जाणारी त्यांची जुनी वाट आहे, पण दीड मैलाच्या त्या पट्ट्यावर झाडी आणि पायवाट करण्याचा ‘रिव्हरलाइन’ प्रकल्प आहे, आणि तो व्हावा असं मलाही मनापासून वाटतं. म्हणजे इथे मिळेल ती एक सुंदर जागा, नदीवरचा बाजार म्हणा, सभागृह म्हणा. तिला ट्रामचा थांबा असेल. एवढं पुरेसं वाटत असेल तर हा पर्याय चांगलाच आहे.

सेंट्रल टर्मिनल: गाडी आहे, ट्राम नाही

न्यू यॉर्क सेंट्रल कंपनीने २२ जून १९२९ रोजी हे उघडलं. फेलहायमर आणि वॅग्नर यांचं काम. १७ मजली मनोरा, २७१ फूट उंच. ईस्ट साइडच्या कुठल्याही गल्लीतून मान वर केली की दिसतो. दिवसाला २०० गाड्यांचा हिशेब धरून बांधलेलं. शहर पूर्वेकडे वाढेल आणि डाउनटाउनची कोंडी टळेल, या अंदाजाने जागा मुद्दाम अडीच मैल बाहेर निवडली. उघडल्यावर चार महिन्यांत शेअर बाजार कोसळला. शहर त्या बाजूला वाढलंच नाही. शेवटची गाडी ऑक्टोबर १९७९ मध्ये गेली.

इथे एक गोष्ट लोक विसरतात. हे स्टेशन बाहेर होतं, पण तुटलेलं नव्हतं. इमारतीत ट्रामच्या प्रवाशांसाठी वेगळी लॉबी बांधली होती. ती आजही आहे. ट्राम यावी, माणसं तिथून आत यावीत, जिन्याने मुख्य दालनात जावीत, अशी मूळ आखणी. बफेलोच्या ट्राम १९५० मध्ये बंद झाल्या आणि त्या लॉबीला काही अर्थ उरला नाही. डेट्रॉइटच्या मिशिगन सेंट्रलचीही हीच कथा. १९१३ मध्ये तेही डाउनटाउनपासून दूर, ट्रामच्या भरवशावर बांधलं, आणि ट्राम गेल्यावर एकटं पडलं. म्हणून ‘सेंट्रल टर्मिनलला ट्राम हवी’ हे मागणं मला हळवेपणाचं वाटत नाही. तो त्या इमारतीच्या नकाशातलाच भाग आहे, मधली पंचाहत्तर वर्षं गहाळ झालेला.

माझे वडील, अण्णा, इथे आले होते तेव्हा मी त्यांना ते दाखवायला नेलं होतं. अण्णा भुसावळला गार्ड होते. दालन २२५ फूट लांब, कमानी, उंच खिडक्या, मधोमध चौमुखी घड्याळ. ते घड्याळ विकलं गेलं होतं, लोकांनी ते शिकागोहून परत आणलं. आम्ही सगळे माना वर करून छत बघत होतो. अण्णा सरळ मागच्या भिंतीकडे गेले आणि म्हणाले, “गाडी कुठं लागते?” दाखवणाऱ्या स्वयंसेवकाने खिडकीतून बोट केलं. दालनातून फलाटांवर जाणारा जो लांबलचक मजला होता, त्याचा इमारतीला जोडणारा तुकडा १९८२ मध्ये पाडला गेला, उंच मालगाड्या जाव्यात म्हणून. पलीकडे फलाटांचा सांगाडा दिसतो, मध्ये नुसती पोकळी. मी हे मराठीत सांगितल्यावर अण्णा म्हणाले, “मग आधी पूल बांधायला सांग. पॅसेंजर उतरणार कुठं?”

पुढे या विषयावर कितीतरी वाचलं, पण नेमका प्रश्न तोच आहे, असं मला अजूनही वाटतं.

१९९७ मध्ये एका नागरिक संस्थेने ही इमारत एक डॉलर आणि थकलेला कर भरून ताब्यात घेतली. तोवर दिवे, पितळ, फर्निचर, जे निघण्यासारखं होतं ते निघून गेलेलं होतं. त्या माणसांनी छप्पर धरलं, पाणी थांबवलं, डिंगस डे या ईस्टरनंतरच्या पोलिश सणाला तिथे लोक नाचवले. २०२२ मध्ये राज्याने ईस्ट साइडसाठी जाहीर केलेल्या निधीतून या इमारतीला ६ कोटी १० लाख डॉलर देऊ केले. म्हणजे इमारत पडेल ही भीती आता पूर्वीइतकी नाही. तिचा उपयोग काय, हा प्रश्न शिल्लक आहे.

दुसऱ्या शहरांनी काय केलं

सेंट पॉलचं युनियन डेपो पहिल्यांदा बघा, कारण सेंट्रल टर्मिनलवाले त्याचंच नाव घेतात. १९७१ मध्ये बंद पडलेलं स्टेशन काउंटीने २४ कोटी ३० लाख डॉलर खर्चून २०१२ मध्ये उघडलं. मे २०१४ मध्ये अ‍ॅमट्रॅक या अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेची एम्पायर बिल्डर ही लांब पल्ल्याची गाडी तिथे परतली आणि पुढच्याच महिन्यात ग्रीन लाइन ही नवी लाइट रेल मिनिआपोलिसहून निघून त्याच्या दगडी खांबांसमोर येऊन थांबू लागली. ट्राममधून उतरलं की समोर दार. याहून जवळचा थांबा कल्पनेतही येणार नाही. तरीही ते लांबच लांब प्रतीक्षालय दिवसाचा बराच वेळ शांत असतं, कारण आत शिरून पकडायच्या गाड्या दिवसाला मोजक्याच. २०२४ मध्ये शिकागोची बोरिअ‍ॅलिस ही गाडी सुरू झाली, तेव्हा कुठे एकाची दोन झाली. ट्रामने दार गाठून दिलं, आत जायला कारण मात्र लांब पल्ल्याच्या गाड्यांनीच द्यायला हवं होतं.

डेन्व्हरचं उदाहरण तर उलटं आहे. तिथे लाइट रेल २००२ मध्ये युनियन स्टेशनच्या मागे आणली होती. २०११ मध्ये ती तिथून उचलून आणखी पश्चिमेला, मालगाड्यांच्या रुळांशेजारी नेली. स्टेशनच्या दालनापासून दूर! आणि त्यानंतर २०१४ मध्ये उघडलेलं दालन गच्च भरलं. हे कसं झालं? मधल्या जागेत जमिनीखाली २२ फलाटांचं बसस्थानक बांधलं, त्यामुळे लाइट रेलचा प्रवासी थंडीवाऱ्यात न जाता आतून चालत येतो. मागच्या दाराशी मोठ्या गाड्यांचे फलाट ठेवले, २०१६ पासून विमानतळाची गाडी तिथूनच सुटते. वर ११२ खोल्यांचं हॉटेल आलं. जुन्या यार्डाच्या जमिनीवर घरं आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या वाढलेल्या करातून कर्ज फिटलं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हे स्टेशन सतराव्या रस्त्याच्या तोंडाशी, डाउनटाउनला चिकटून आहे. सेंट्रल टर्मिनलला तसलं नशीब नाही. डेन्व्हरचा आराखडा उचलून फिलमोर अ‍ॅव्हेन्यूवर ठेवला तर बिल्डर रांगा लावतील, या आशेवर मी तरी सार्वजनिक पैसा लावायला सांगणार नाही.

सेंट लुइसमध्ये मेट्रोलिंक ही लाइट रेल १९९३ पासून युनियन स्टेशनशी थांबते. शेवटची गाडी १९७८ मध्येच गेली होती आणि १९८५ मध्ये आत मॉल झाला होता. थांबा दाराशी असूनही मॉल मलूल झाला. २०१९ मध्ये मत्स्यालय आलं तेव्हा गर्दी परतली. टकोमामध्ये ट्राम ताम्र घुमटाच्या स्टेशनसमोरून जाते, आत फेडरल कोर्ट आहे. दोन्ही इमारती शाबूत आहेत आणि ही लहान गोष्ट नाही. पण तिथे गाडी पकडायला कुणी जात नाही.

डेट्रॉइटचं मिशिगन सेंट्रल २०२४ मध्ये ट्रामशिवायच उघडलं, फोर्डच्या पैशावर. बफेलोकडे फोर्ड नाही.

वळण प्रत्यक्षात कुठे द्यायचं

मेन स्ट्रीटच्या खालच्या टोकाला, एक्स्चेंज स्ट्रीटच्या आसपास, लाइन पूर्वेला वळवून रेल्वेच्या जुन्या पट्ट्याशेजारून सेंट्रल टर्मिनलकडे नेणं ही सर्वसाधारण कल्पना. आता ‘वळवणं’ या शब्दाचा अर्थ नीट बघा. सगळ्याच गाड्या वळवल्या तर कॅनॉलसाइड आणि स्टेडियम तुटतात. शिवाय डब्यांचं यार्ड डीएल अँड डब्ल्यूमध्ये, म्हणजे गाड्यांना तिथे जावंच लागणार. म्हणून वळण नाही, फाटाच काढावा लागेल, आणि फाटा म्हटला की तो मघाचा चोवीस मिनिटांचा हिशेब. त्यावर उपाय म्हणजे मेन स्ट्रीटवर गाड्या वाढवणं. त्यासाठी जादा डबे, जादा चालक, आणि हा खर्च बांधकामाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. दरवर्षी येत राहतो. फाट्याच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाला हा खर्च कोण देणार, हे आधी विचारा.

दुसरी अडचण गाड्यांची. २०१६ मध्ये डाउनटाउनच्या जुन्या छोट्या स्टेशनाच्या छताचा भाग कोसळला, तेव्हा नवीन स्टेशन कुठे करायचं यावर मोठा वाद झाला. सेंट्रल टर्मिनलचंही नाव होतं. २०१७ मध्ये कौल एक्स्चेंज स्ट्रीटच्या बाजूने गेला आणि २०२० मध्ये तिथे नवी इमारत उघडली. ती मेट्रो रेलपासून चालण्याच्या अंतरावर आहे. न्यूयॉर्क आणि नायगाराच्या गाड्यांची सोय त्यामुळे झालेली आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं.

पण शिकागोची गाडी, लेक शोअर लिमिटेड, एक्स्चेंज स्ट्रीटला जातच नाही. तिचा मार्ग नायगाराच्या फाट्याकडे न वळता सरळ क्लीव्हलँडकडे जातो. ती थांबते उपनगरातल्या डिप्यूला, शिकागोकडे जाताना मध्यरात्रीच्या सुमारास, आणि तिथे मेट्रो रेल नाही. आमच्याकडे राहिलेल्या एका विद्यार्थ्याला मी स्वतः कारने तिथे सोडून आले आहे. रस्ते निर्मनुष्य, बर्फ पडत होतं, आणि शहराचा मनोरा मागे टाकून आम्ही उपनगरात चाललो होतो. काही वेळाने शिकागोची आगगाडी त्याला घेऊन त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी येणार होती आणि न थांबता पुढे जाणार होती. शिकागोची आणि नायगाराची, दोन्ही गाड्या ज्या एकाच जागेवरून जातात अशी शहरातली जागा म्हणजे सेंट्रल टर्मिनल. हा मुद्दा २०१७ मध्ये खरा होता, आजही खरा आहे.

मग निवडायचं काय

तुमचं रोजचं जाणं-येणं नॉर्थ कॅम्पसचं असेल, तर अ‍ॅमहर्स्टची लाइन मागा आणि त्याबद्दल अजिबात अपराधी वाटून घेऊ नका. दोन कॅम्पसमध्ये हजारो मुलं रोज जातात, तिथे प्रवासी आजच आहेत. ती लाइन उत्तरेच्या टोकाला सरळ वाढते, म्हणून मधल्या गाड्या वाटल्या जात नाहीत. निव्वळ वाहतुकीच्या निकषावर तीच पहिली येते.

तुम्हाला एखादी जुनी वास्तू पाच-सात वर्षांत माणसांनी भरलेली बघायची असेल, तर डीएल अँड डब्ल्यू.

सेंट्रल टर्मिनलच्या बाजूने मी उभी आहे, पण तिचं कारण मनोरा नाही. कारण त्याच्या पायथ्याची वस्ती आहे. ब्रॉडवे-फिलमोर एके काळी पोलिश लोकांचं होतं. १८८८ पासूनचं ब्रॉडवे मार्केट अजून आहे. अलीकडच्या वर्षांत न्यूयॉर्क शहरातून बांगलादेशी कुटुंबं इथे येऊन राहिली. रिकामी घरं त्यांनी हाताने दुरुस्त केली, बंद पडलेल्या चर्चमध्ये मशिदी झाल्या, कोपऱ्यावरच्या दुकानांत मोहरीचं तेल, लाल माठ आणि गोठवलेली हिलसा मासळी मिळते. मी दर पंधरवड्याला भाजीला तिथेच जाते. दुकानात पिशव्या भरून बसची वाट बघणाऱ्या बायका असतात. कित्येकांच्या घरी गाडी नाही. त्यांच्याबरोबर दोन-तीन पिढ्यांपासून राहणारी कृष्णवर्णीय कुटुंबं आहेत, ज्यांनी या भागातून एकेक सोय निघून जाताना पाहिली. ही माणसं आज तिथे आहेत. लाइन त्यांच्यासाठी न्यायची आहे, इमारतीसाठी नव्हे. फाट्याचे थांबे म्हणून मार्केटजवळ, वस्तीतल्या चौकांत हवेत. डाउनटाउन ते मनोरा अशी सुसाट, मधे न थांबणारी लाइन कुणी आखली तर मी विरोधात लिहीन.

आणि क्रम महत्त्वाचा. सेंट पॉलने दाखवलं की दाराशी ट्राम आणून गाड्या मोजक्याच ठेवल्या तर दालन सुनं राहतं. म्हणून मी मत देताना तीन गोष्टी याच क्रमाने लिहिल्या. पहिली, १९८२ मध्ये पाडलेला जोड परत बांधा आणि एक फलाट वापरात आणा, म्हणजे शिकागोची गाडी थांबू शकेल. रुळांची मालकी मालगाडीच्या कंपनीकडे आहे, तेव्हा तिच्याशी बोलणी आजच सुरू व्हायला हवीत. दुसरी, ट्राम येईपर्यंत डाउनटाउन, ब्रॉडवे मार्केट आणि टर्मिनल अशी दर दहा मिनिटांची बस, त्याच मार्गाने जिथून उद्या रूळ जातील, म्हणजे किती लोक चढतात-उतरतात ते सगळ्यांना दिसेल. तिसरी, मेट्रो रेलचा फाटा, मेन स्ट्रीटवरच्या जादा गाड्यांच्या खर्चासकट.

फाटा पहिल्या क्रमांकावर का नाही, असं सेंट्रल टर्मिनलवर जीव टाकणाऱ्या माझ्या मैत्रिणीने विचारलं. तिला मी अण्णांचा प्रश्न सांगितला. ती म्हणाली, पूल झाला आणि पुढे काहीच नाही झालं तर? तर निदान रात्री बारा वाजता डिप्यूला जावं लागणार नाही, भाजीवाल्या दुकानासमोरून बस पकडून शिकागोची गाडी गाठता येईल.